छप्पन किलो

"हलू नकोस," वैजयंती म्हणाली. "तू हललास की माझं डोकं बादलीवर आपटतं."

मी हललो नाही. हलण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर मी उताणा पडलो होतो, माझ्या छातीवर माझी बायको पडली होती, आणि आमच्या तिघांत एकटा नळ तेवढा उभा होता. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. बऱ्याच दिवसांत आपण इतके जवळ आलो नव्हतो, असं मी बोलून दाखवलं. ती हसली. ती हसली की माझ्या बरगड्यांना वेगळं कळवावं लागत नव्हतं.

"किती वेळ झाला रे?"

"वीस मिनिटं असतील."

"खाली सरांना हाक मार."

"तीनदा मारली."

"ती हाक होती? मला वाटलं तू उसासा टाकतोयस."

माझं नाव प्रभंजन खासनीस. प्रभंजन म्हणजे झंझावात. हे नाव ठेवलं तेव्हा मी सव्वादोन किलोचा होतो आणि आईवडिलांना पुढची आशा होती. या गोष्टीच्या वेळी मी सत्तेचाळीस वर्षांचा, सत्तावन्न किलोचा आणि कराडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्राचा प्राध्यापक होतो. सत्तासमतोल हा माझा आवडता विषय. प्रत्यक्षात आमच्या घरातली भरलेली पाण्याची कळशीसुद्धा बायको उचलायची. मग तिच्या हातातून एक दिवस खडू पडला, महिन्याभराने डस्टर पडलं, आणि गणपतीच्या सुट्टीनंतर शाळेच्या पायरीवर ती स्वतःच पडली. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. मग माझा चेहरा बघून सोपं करून सांगितलं: मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही, आणि हुकूम नसला की स्नायू झिजतात. आधी हातपाय, मग गिळणं, मग श्वास. "शासन कोलमडतं तसं," मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत. वैजयंती मात्र माझ्या समाधानासाठी हसली.

शेवटी खालच्या मजल्यावरचे थोरवडे सर आले. आम्ही त्या महिन्यापासून दाराला कडी लावत नव्हतो. सर वैजयंतीच्याच शाळेत खेळाचे शिक्षक होते, दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. न्हाणीघराच्या दाराशी येऊन त्यांनी आधी भिंतीकडे तोंड केलं.

"बाई, येऊ का आत?"

"या सर. आम्ही कुठे जात नाही."

"उचलू का?"

"तुम्ही निदान विचारता तरी. हा विचारत नाही आणि उचलतही नाही."

अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने गुडघे वाकवले, एक हात तिच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घातला, आणि भाजीची पिशवी उचलावी तशी तिला उचलून खुर्चीत ठेवली. श्वाससुद्धा वाढला नाही. मग त्यांनी माझ्याकडे, म्हणजे फरशीकडे, पाहिलं.

"साहेब, तुमच्या अंगात ताकद न्हाई असं मी म्हणणार न्हाई. हाय. पण ती सगळी तोंडात गोळा झालीया."

*

उचलण्याचा प्रश्न असा होता. आधी आम्ही दोन बायका ठेवल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ यायच्या. चांगल्या होत्या. फक्त वैजयंतीला उचलताना त्या एकमेकींशी मेथीच्या भावाबद्दल बोलायच्या. आठवड्याभरात ती मला म्हणाली, "मला गादीसारखं उचलतात. गादीला वाईट वाटत नाही, मला वाटतं. तू उचल." मी हो म्हणालो, आणि तिसऱ्याच दिवशी आम्ही न्हाणीघरात पडलो.

दुसरा प्रश्न वजनाचा होता. पुण्याच्या दवाखान्यात खुर्चीसकट वजन करायचा काटा होता. त्यावर ती छप्पन किलो भरली. डॉक्टर म्हणाले, दर रविवारी वजन करा आणि महिन्याला मला फोनवर कळवा. पन्नासच्या खाली गेलं तर लगेच इथे आणायचं, पोटात नळी बसवावी लागेल, तीतून खाणं घालायचं. परतीच्या गाडीत वैजयंती खिडकीबाहेर बघत होती. उंब्रजच्या आसपास ती म्हणाली,

"मला नळी नको."

"वेळ आली की बघू."

"वेळ आली की तू बघणार नाहीस. घाबरशील आणि मला उचलून तिकडे नेशील. मग मी तिथेच."

"पन्नासच्या खाली गेलं तर घालायचीच, वैजू. त्यात चर्चा नाही."

"म्हणजे पन्नासच्या वर असेन तोवर मी माझ्या घरात?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"ठरलं तर," ती म्हणाली. आठवी ते दहावीला चोवीस वर्षं गणित शिकवलेली बाई. दिलेल्या अटी एकदा नीट लिहून घ्यायच्या, ही तिची सवय मला नवीन नव्हती.

आणि तिसरी एक गोष्ट होती. तिला प्रश्न म्हणता येणार नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, बेचाळीस पायऱ्या. समोर रस्त्यापलीकडे एक रसवंती होती. फेब्रुवारीत ती उघडायची आणि चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज पाऊस येईतो दिवसभर आमच्या खोलीत असायचा. वैजयंती दरवर्षी शाळेतून येताना तिथे बाकावर बसून रस पिऊन यायची. मी एकदा घरी बाटलीतून आणला होता, तो वर येईपर्यंत काळा पडला.

"फेब्रुवारीत मला खाली ने," ती म्हणाली. "बाकावर बसून प्यायचाय. आलं-लिंबू घालून, बर्फ न घालता."

"खुर्चीत बसवून चौघांनी धरून नेऊ की."

"पालखीतून नको. तू ने."

*

न्हाणीघरात पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थोरवडे सर दोन विटा, एक गोणपाटाचं पोतं आणि चहाच्या पत्तीचं एक रिकामं डबडं घेऊन वर आले.

"बाकी सामान?" मी विचारलं.

"कसलं सामान?"

"व्यायामाचं."

"ह्येच. आणि जिना हाय की आपला." त्यांनी विटा जमिनीवर ठेवल्या. "विटांवर हात ठेवून जोर मारायचे. मग बैठका. मग पोतं. पोत्यात आज वीस किलो वाळू हाय. दर रविवारी एक डबडं वाढवायचं, म्हंजे एक किलो. जास्त न्हाई, कमी न्हाई. ताप आला तरी पोतं उचलायचं, पाव्हणा आला तरी उचलायचं."

"आणि खुराक?"

"शेंगदाणे, गूळ, दूध. आणि बोलणं कमी."

सर आमच्यासाठी एवढं करत होते त्याला कारण होतं. ते कबड्डीचा संघ दरवर्षी जिल्ह्याला न्यायचे, आणि तो संघ दरवर्षी गणितात नापास व्हायचा. वैजयंतीने त्यांतली कित्येक पोरं तीन-चार गुणांची भर घालून वर ढकलली होती. त्यांतले दोघे आता पोलीस खात्यात आहेत. "त्रिज्या म्हंजे काय ते अजून ठावं न्हाई त्यांना," सर सांगायचे, "पर बाईंचं नाव काढलं की हात जोडत्यात."

मला जमेपर्यंत उचलायला त्या दोन बायकाच पुन्हा येऊ लागल्या. मी कॉलेजातून लांब रजा घेतली. कॉलेजला फरक पडला नाही. पहिल्या दिवशी मी सहा जोर मारले, त्यांतले दोन वैजयंतीने धरले नाहीत.

"का?"

"छाती खाली गेली नाही. नुसती मान गेली. तू जोर मारत नव्हतास, कबुतर दाणा टिपतं तसं चाललं होतं."

तिची खाट हॉलमध्ये खिडकीपाशी होती आणि माझी तालीम तिच्या समोर. ती मोजायची. तिच्या मोजण्यात माया नव्हती. अर्धी बैठक मोजली जायची नाही. दम लागला म्हणून मध्ये थांबलो तर आकडा पुन्हा एकापासून. डिसेंबरच्या मध्यावर मी पंचवीस जोर मारले तेव्हा ती म्हणाली, "काठावर पास."

आठवड्याचे दोन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात लिहायचे, एक पोत्याचा, एक तिचा. तिचा मात्र रिकामा राहायचा. तिला उभं राहता येत नव्हतं, आणि आमचा काटा म्हणजे न्हाणीघरात ठेवतात तो गोल तबकडीचा, वर उभं राहायचा. सरांना तिला घेऊन उभे राहा म्हणावं, तर ती म्हणायची, "त्यांना किती वेळा त्रास द्यायचा? तू उचलशील तेव्हा बघू." डॉक्टरांना मी फोनवर छप्पनच सांगत होतो. शेवटचा माहीत असलेला आकडा तोच होता.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, पोतं तीस किलोचं असताना, मी वैजयंतीला उचललं.

सर शेजारी हात पसरून उभे होते. मी त्यांनी शिकवल्याप्रमाणे पाय फाकवले, गुडघे वाकवले, श्वास भरला, आणि ती वर आली. मी पाहतच राहिलो. तीही पाहत राहिली. तिचे हात माझ्या गळ्यात होते, आणि माझे गुडघे, जे आजवर फक्त व्याख्यानांना उभे राहिले होते, ते थरथरत होते पण उभे होते.

"काट्यावर!" ती म्हणाली. "असाच काट्यावर उभा राहा."

सरांनी पायाने काटा पुढे सरकवला आणि मला सावरायला ते माझ्या पाठीमागे गेले. मी चढलो. तिच्यामुळे मला खालची तबकडी दिसत नव्हती. तिने माझ्या दंडावरून मान वाकवली, खाली बघितलं, आणि क्षणभर थांबली.

"एकशे चौदा," ती म्हणाली. "तुझे किती?"

"सकाळी अठ्ठावन्न भरलो."

"मग माझे छप्पन. लिही."

मी तिला खाली ठेवलं आणि कॅलेंडरवर लिहिलं. पोतं तीस, वै. छप्पन. लिहिता लिहिता मला एक शंका आली.

"सर, हे कसं? पोतं तीसचं आहे आणि ते उचलताना माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात. ही छप्पनची आहे. मग हिला कसं उचललं?"

सरांनी वैजयंतीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"साहेब," सर म्हणाले, "पोतं म्हंजे मेलेलं वजन. ते आपल्याला धरत न्हाई. माणूस जिवंत असतंय, गळ्यात हात टाकतंय, अंग चोरतंय. जिवंत वजन नेहमी हलकं लागतं."

मला हे फार पटलं. पुढचे चार दिवस फोनवर जो भेटेल त्याला मी हे ऐकवलं.

*

फेब्रुवारी आला, घुंगरं वाजायला लागली. सर म्हणाले, अजून न्हाई. सपाट जमिनीवर उचलणं वेगळं, बेचाळीस पायऱ्या वेगळ्या. मी पोतं छातीशी धरून जिना चढउतार करू लागलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघायच्या आणि "अजून वाळूच का?" म्हणून विचारायच्या.

माझे दंड भरत होते. ही गोष्ट मी आरशात बघून पडताळून घेत होतो, लपून. सदऱ्याच्या बाह्या घट्ट व्हायला लागल्या तेव्हा मी वैजयंतीला हात पुढे करून दाखवला. तिला तेव्हा बोटांनी चिमटा घेता येत नव्हता. तिने दंडावर गाल टेकवला.

"दगड," ती म्हणाली. तिचे शब्द तोवर जड व्हायला लागले होते, त्यामुळे ती एकेकच शब्द निवडून बोलायची.

रोज सकाळी तिला उचलताना मागच्या आठवड्यापेक्षा सोपं वाटायचं. मी ते तिला सांगायचोही. "बघ, आज मान पण ताणली नाही." "बघ, आज एका दमात." तिला खायला घालायला एक तास लागायचा, मग सव्वा. चार घासांनंतर ती मान हलवायची, पोट भरलं. मार्चमध्ये तिने हातातल्या पाटल्या काढून ठेवायला सांगितल्या, रुततात म्हणाली. मी साबण लावायला पाणी आणलं. साबण लागला नाही.

रविवारी काट्यावर उभा राहिलो की ती खाली बघून आकडा सांगायची. कधी छप्पन, कधी साडेपंचावन्न. एकदा पंचावन्न आले तेव्हा मी घाबरलो, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा छप्पन. डॉक्टर फोनवर म्हणाले, "उत्तम. फारच उत्तम. काय खायला घालताय?" मी अभिमानाने यादी सांगितली.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, मी वैजयंतीला खाली नेलं.

पोतं त्या दिवशी एक्केचाळीस किलो होतं. तिने अबोली रंगाची साडी नेसवून घेतली होती, म्हणजे मी नेसवली होती. निऱ्या बघून काकूंनी डोळे मिटले आणि दोन पिना लावल्या. सर माझ्यापुढे दोन पायऱ्या उलटे उतरत होते आणि मोजत होते. "अकरा. बारा. सावकाश. वळण हाय." वळणावर तिचा पाय कठड्याला लागेल म्हणून त्यांनी घोट्याखाली हात धरला. धरला आणि क्षणभर त्यांचं मोजणं थांबलं.

"चौदा झाले सर," मी म्हणालो.

"व्हय. चौदा," सर म्हणाले. "पंधरा."

दारादारांत माणसं उभी होती. खाली पोचलो तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी आयुष्यात शारीरिक कारणासाठी टाळ्या मिळवल्या त्या एवढ्याच. रस्ता ओलांडून मी तिला बाकावर बसवलं, मागून माझ्या छातीचा टेकू दिला. रसवाल्याने तिला ओळखलं.

"बाई! किती दिवसांनी. आलं-लिंबू?"

तिने मान हलवली. चरक फिरला, घुंगरं वाजली. इतक्या जवळून तो आवाज खरं तर कर्कश होता. ती डोळे मिटून ऐकत होती. ग्लास आला. मी चमच्याने तिच्या ओठांत रस घातला. तिने तो बराच वेळ तोंडात धरला. गिळताना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, मी घाबरून ग्लास बाजूला ठेवला.

"अजून?"

"तू," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"पी. वर… न्यायचंय."

मी तिचा ग्लास प्यायलो. ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गात एखादा ढ मुलगा फळ्यावर बरोबर गणित सोडवताना बघायची तशी. मग मी तिला उचललं आणि बेचाळीस पायऱ्या कुठेही न थांबता चढलो. वर पोचलो तेव्हा मला दम लागला होता, पण खूप नाही. मी ते तिला सांगितलं.

"माहितीय," ती म्हणाली.

*

मे महिन्यात तिचं बोलणं गेलं. मान सावरेना. रविवारी मी तिला उचलून काट्यावर उभा राहायचो तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलेलं असायचं. आकडा मीच विचारायचो.

"पंचावन्न?"

ती डोळे मिटायची. मिटले म्हणजे हो.

"साडेपंचावन्न?"

मिटायची.

काटा तिला दिसत होता की नाही ते मला माहीत नाही. मी कॅलेंडरवर लिहायचो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी, माझे जोर चालू असताना, ती गेली. मी पाठमोरा होतो. डोळ्यांनी मोजायची ती, म्हणून मी मोठ्याने आकडे म्हणत होतो. चाळीस झाले आणि मी वळून बघितलं.

दुपारपर्यंत माणसं जमली. खाली तिरडी बांधून तयार झाली. आमच्या जिन्याची वळणं अरुंद, तिरडी वर येईना, म्हणून चौघांनी चादरीत घालून खाली न्यावं असं ठरत होतं. मी म्हणालो, "मी नेतो."

"साहेब, चौघं असू द्या," कुणीतरी म्हणालं.

"मी नेतो."

थोरवडे सर खाटेपाशी उभे होते.

मला सरांचं वाक्य आठवत होतं. आता ती मला धरणार नव्हती, गळ्यात हात टाकणार नव्हती, अंग चोरणार नव्हती. आता ते वजन पोत्यासारखं होणार होतं, छप्पन किलोचं पोतं. आणि माझं पोतं अठ्ठेचाळीसपर्यंतच आलेलं. मी पाय फाकवले. गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकवले. हात खाली घातले, पोट आवळलं, श्वास भरला, आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून उचललं.

मी मागे भेलकांडलो. कपाटाला पाठ लागली म्हणून पडलो नाही.

ती इतक्या झटक्यात वर आली की तिचं डोकं माझ्या हनुवटीवर आपटलं. खोलीतल्या माणसांना वाटलं मला रडू कोसळलं, दोघे धरायला पुढे आले. मी तसाच उभा होतो. हातांत काहीतरी असायला हवं होतं आणि ते नव्हतं. मी सरांकडे बघितलं. अडुसष्ट वर्षांचे सर, न्हाणीघराच्या दारात वळवलं होतं तसं तोंड वळवून, भिंतीकडे बघत होते. भिंतीवर कॅलेंडर होतं.

बेचाळीस पायऱ्या. मोजल्या कुणी नाहीत.

*

तेराव्यानंतर सर वर आले. चहा झाला. पाऊस लागला होता आणि रसवंतीवाल्याने चरकावर ताडपत्री घातली होती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"पहिल्या दिवशी नुसता वहीम आला. माणूस कितीचं हाय ते उचलणाऱ्याच्या पाठीवरनं कळतं. पन्नासच्या खालचं उचलताय असं वाटलं. मग जिन्यात पायाला हात लावला." ते थांबले. "बाईंच्या पायाला असं कधी हात लावायची वेळ येईल वाटलं न्हवतं."

"आणि ते मेलेलं वजन, जिवंत वजन?"

"ते खोटं न्हाई साहेब. पोतं जडच लागतं. पर एवढं न्हाई."

"मला सांगायचं होतंत."

"सांगणार हुतो. रसवंतीच्या दुसऱ्या दिवशी वर आलो. तुम्ही दूध आणाय गेला हुता. बाईंना अजून थोडं बोलता येत हुतं. मला म्हणाल्या…" सरांनी कपबशी खाली ठेवली, नीट, बाजूला. "म्हणाल्या, सर, तुमची पोरं मी पास केली. आता मला चार मार्क द्या."

आम्ही दोघे कॅलेंडरकडे बघत होतो. छप्पन, साडेपंचावन्न, पंचावन्न, पुन्हा छप्पन. चोवीस वर्षं तिने पेपर तपासले होते. एकसारखी बरोबर उत्तरं दिसली की परीक्षकाला संशय येतो, मध्ये एखादी चूक पाहिजे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? पंचावन्नवर मी घाबरलो तो एक रविवार तिने मुद्दाम घातला होता. दिलेली अट तिने शेवटपर्यंत पाळली. पन्नासच्या वर असेन तोवर घरात.

आणि मी? न्हाणीघराच्या दारावर आरसा होता. पुरा, माणसाएवढा. दंड त्यातच बघत होतो मी. काटा उचलून त्याच्यासमोर ठेवला असता तर तबकडी मला दिसली असती. पाच पावलं होती. मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक, निवडणुकीत मोजणी कुणी करावी यावर दोन शोधनिबंध लिहिलेला माणूस. मला चार महिन्यांत ते सुचलं नाही. सुचलं नाही असं मी म्हणतो. माझ्या हातांना दर आठवड्याला कळत होतं. त्यांना वाटत होतं, आपण वाढतोय.

सर गेल्यावर मी पोत्याचं तोंड सोडलं. उचलून बघितलं. जड होतं. एक डबडं वाळू काढली, पुन्हा छातीशी धरून उचललं. नाही. अजून एक डबडं. असं करत गेलो. परातीत वाळूचा ढीग होत गेला. नवव्या डबड्याला वाटलं आलं, पण नव्हतं. बाराव्या डबड्यानंतर उचललं आणि हात तसेच राहिले, खाली ठेवेनात.

अठ्ठेचाळीसमधून बारा गेले. हे गणित मला येतं.

या गोष्टीला आता सतरा वर्षं होतील. मी चौसष्ट वर्षांचा आहे. सकाळी सहाला उठतो, विटा तशाच आहेत, जोर मारतो, बैठका काढतो. आमच्या इमारतीत मी तब्येतीचा माणूस म्हणून ओळखला जातो. नवीन आलेली तरुण मंडळी माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, आणि मी सांगतो, दर आठवड्याला थोडं वाढवत जा. गेल्या वर्षी थोरवडे सर गेले. जाण्याआधी काठी टेकत एकदा वर आले होते. खिडकीपाशी बसून त्यांनी मला पोतं उचलताना बघितलं.

"किती हाय आता?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस."

"एवढ्या वर्षांत वाढवलं न्हाई?"

"नाही."

मी पोतं खिडकीखाली, खाट होती तिथे, ठेवलं. ठेवताना मी अजून डोक्याच्या बाजूला हात धरतो. त्यांनी ते पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.